विझर्डला काय वाढायचं?

पंगतीत वाढणारे दोन जातीचे असतात. एक समोरचं पान बघून वाढतो, दुसरा हातातलं ताट रिकामं करायचं म्हणून. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या सोंगांच्या खेळात क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने सोबत्यांना मदत करणारा पुजारी, घेऊन बसले तेव्हा मी पहिल्या जातीची आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शनिवारी रात्री ताटं उचलली की त्याच टेबलावर नकाशा पसरतो. फायटर, म्हणजे तलवारवाला, हा माझा ऑफिसातला मित्र; विझर्ड, म्हणजे जादूगार, ही माझी मामेबहीण, आमची ताई. नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे. नंतर नवी पुस्तकं आली, पण ताईला जुनीच बरी वाटतात, आणि टेबल तिच्या घरचं आहे.

फायटरला वाढायला अक्कल लागत नाही. ब्लेस, हे आशीर्वादाचं स्पेल (मंत्र), टाकायचं. तिघांना मिळतं. प्रत्येक हल्ल्याच्या आणि सेव्हच्या, म्हणजे आलेलं संकट टाळायच्या, फाशात आणखी एक चार बाजूंचा फासा, तोच तो टोकदार, जो रविवारी झाडू मारताना पायात रुततो. दोनने हुकणारी तलवार लागते, फायटर टेबलावर थाप मारतो, वाढणाऱ्याला धन्य वाटतं.

पहिल्याच लढाईत मी ताईलाही ब्लेस दिलं. ती म्हणाली, "मला कशाला गं? मी फासा टाकते कुठे?"

खरंच की. ती फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, फेकते, तेव्हा फासा टाकतात समोरचे. त्यांना गाठायचा आकडा तिच्या बुद्धीवर ठरलेला: आठ, अधिक सरावाचे तीन, अधिक बुद्धीचे चार, म्हणजे १५. माझ्या देवाने कितीही आशीर्वाद दिला तरी त्या १५चे १६ होत नाहीत. मदतीची बहुतेक स्पेल्स तलवारवाल्यांसाठीच लिहिलेली दिसतात.

याआधीच्या खेळात मी सॉर्सरर, म्हणजे दुसऱ्या जातीची जादूगार, होते, तेव्हाची गोष्ट तर याहून वाईट. मी मोठ्या कौतुकाने ताईवर हेस्ट, म्हणजे चपळाईचं स्पेल, टाकलं होतं. वेग दुप्पट, वर एक जादा अ‍ॅक्शन! पण त्या जादा अ‍ॅक्शनमध्ये स्पेल टाकता येत नाही. धावा, लपा, नाहीतर शस्त्राचा एक वार करा. ताईकडे शस्त्र होतं एक काठी. मग एका गॉब्लिनचा बाण मला लागला, माझं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल धरून ठेवणारं लक्ष, तुटलं, आणि हेस्ट उतरल्यावर येणाऱ्या ग्लानीत ताईची पुढची अख्खी पाळी गेली. मधुमेह्याला आग्रहाने जिलबी वाढावी, तसं झालं. त्यावर ती काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग मी तिचं पान बघायला लागले. तिच्या कामाची स्पेल्स बहुतेक धरून ठेवायची असतात. मार बसला की फासा टाकायचा, आणि १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मं, यातला मोठा आकडा गाठायचा. तिथे मात्र ब्लेस उपयोगी पडतं. साधा १० गाठायची तिची शक्यता शंभरात ६५, ब्लेस असेल तर साडेसत्त्याहत्तर. म्हणजे मी दिलं ते चुकीचं नव्हतं. फक्त ते तिच्या फायरबॉलसाठी आहे असं मला वाटत होतं.

बेन हा ब्लेसचा उलटा भाऊ. तोच चिमुकला फासा शत्रूच्या हल्ल्यातून आणि सेव्हमधून वजा. १५ हलत नाही, पण तिथवर चढायची शिडी तोकडी होते. ऑगरसारख्या आडदांड राक्षसांवर झकास बसतं, कारण ते करिष्म्याच्या फाशाने टाळावं लागतं आणि त्यांच्याकडे करिष्मा नावालाच. पण फायटर रुसतो. त्याला आपल्या पानात पडलेलं दिसायला हवं असतं.

माझं सध्याचं लाडकं वॉर्डिंग बाँड. त्याला प्लॅटिनमच्या दोन अंगठ्या लागतात, प्रत्येकी ५० सुवर्णमुद्रांच्या. एक तिने घालायची, एक मी. (डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, साखरपुड्याचा विनोद केलाच.) तासभर तिला बसणारा मार निम्मा, सेव्हला एक जादा, आणि यात माझं कॉन्सन्ट्रेशन अडकत नाही. अट एवढीच की तिला जेवढं लागेल तेवढं मलाही लागतं.

मागच्या शनिवारी ताईने हिप्नॉटिक पॅटर्न टाकून चार लुटारू खिळवून ठेवले होते. मी तिच्या शेजारीच, माया म्हणून. लुटारूंच्या जादूगाराने फायरबॉल फेकला. आमचे दोघींचे सेव्ह हुकले. मार ३२. ताईचे हिट पॉइंट्सही, म्हणजे मार सोसायची ताकद, बरोबर ३२. अंगठी नसती तर ती आडवी होती. तिला बसले १६. तिने स्पेल टिकवायचा फासा टाकला आणि दहाचा आकडा गाठला. लुटारू तसेच गुंग.

मला माझे ३२ बसले. माझे होते ३८. मी सुटकेचा श्वास टाकला.

"थांब," डीएम म्हणाला, "तिचे १६ राहिले."

मी जमिनीवर. ताईने नकाशावरची माझी सोंगटी हळूच आडवी केली आणि म्हणाली, "अगं, पण एवढी चिकटून कशाला उभी राहिलीस? साठ फुटांपर्यंत चालतं ना ते?"