अंगदुखीची गोळी

ऑपरेशन मनासारखं झालं की थिएटरबाहेर येऊन मी आधी चहा सांगतो. त्या दिवशीही सांगितला होता.

पेशंट तासगावकडच्या, चाळिशीच्या आतल्या. दोन्ही नाकपुड्या बंद, चार वर्षं कशाचाही वास नाही. "नाकात मांस वाढतंय. दोनदा काढलं, परत येतंय." दुर्बीण घातली तर समोरच पॉलिप, फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षांसारखे. स्क्रीनवर दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाग यंदा डावणीनं गेली, अन् हिच्या नाकात घड लागले व्हय?"

दम्याचं विचारलं. "पावसाळ्यात छाती भरते, पंप घेते." लिहून घेतलं. आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पॉलिप आकसवले, सीटी स्कॅन काढला. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, म्हणजे आठही सायनस, भरलेले.

हे ऑपरेशन डोळा आणि मेंदू यांच्या शेजारात चालतं. डोळ्याच्या बाजूची हाडाची भिंत कागदासारखी पातळ, तिचं नावच लॅमिना पॅपिरेशिया. त्यात आधी दोनदा हात लागलेल्या नाकात ओळखीच्या खुणा जागेवर नसतात. मधला टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरचा हाडाचा कंगोरा, तेवढा शाबूत होता, त्याच्याच आधाराने पुढे सरकलो. अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या, मांस कापून ओढून घेणारा मायक्रोडिब्रायडर, एकेक कप्पा मोकळा करत कपाळाच्या सायनसपर्यंत. अडीच तास लागले, रक्त बेताचंच गेलं. मी खूश होतो.

चहा संपवून ओपीडीत बसलो आणि सिस्टर धावत आल्या. "सर, त्यांना धाप लागलीये."

चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, छातीतून शिट्ट्या, ऑक्सिजन 86. पहिली शंका रक्त घशात उतरल्याची. टॉर्च मारला, घसा स्वच्छ. केसपेपर उलटला. चाळीस मिनिटांपूर्वी दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. ऑर्डर माझ्याच अक्षरात.

पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरीनच्या जातीच्या औषधांचं वावडं, हे त्रिकूट मी एमएसच्या परीक्षेत लिहून आलोय. विडाल या फ्रेंच डॉक्टरने ते 1922 मध्येच मांडलं होतं, सॅम्टर या डॉक्टरचं नाव त्याला पुढे चिकटलं. डायक्लोफिनॅक त्याच जातीचं. ही औषधं एक वाट बंद करतात, मग शरीरात ल्युकोट्राइन्स या सूज आणणाऱ्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि श्वासनळ्या आवळतात. सगळं पाठ. वारंवार उगवणारे पॉलिप आणि दमा दोन्ही समोर असताना एवढंच विचारायचं राहिलं, की अंगदुखीची गोळी घेऊन कधी दम लागला होता का?

भूलतज्ज्ञ अजून निघाले नव्हते, हे नशीब. ऑक्सिजन, मांडीत अ‍ॅड्रेनलिन, नेब्युलायझरमागून नेब्युलायझर. नाकात पॅक, त्यामुळे बाई तोंडानेच हवा ओढत होत्या आणि माझा हात सोडत नव्हत्या. घशात नळी घालायची तयारी उशाशी मांडून ठेवली. लागली नाही. दीड तासाने शिट्ट्या थांबल्या.

बाहेर येऊन सासूबाईंना खरं तेच सांगितलं. इंजेक्शन मी लिहिलं, त्यानेच हे झालं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "मागं डोकं दुखलं म्हणून दुकानातनं गोळी आणलेली, तवाबी असंच झालतं. रातभर दवाखान्यात ठिवली होती."

"आधी बोलला नाहीत?"

"तुमी नाकाचं इचारलं."

कार्डावर लाल शाईने औषधांची नावं लिहिली: अ‍ॅस्पिरीन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, यांतलं काहीही नको. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही 500 ची एकच. त्याच संध्याकाळी आमच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर तो प्रश्न छापून घ्यायला सांगितला.

आठव्या दिवशी बाई नाक साफ करून घ्यायला आल्या. मिठाच्या पाण्याने धुणं नीट चाललं होतं. "परत येतील का?" येऊ शकतात, या प्रकारात तर जास्तच, स्प्रे सोडू नका, असं सांगितलं. मान डोलावून त्यांनी पर्समधून अर्धी वापरलेली पट्टी काढली.

"हीच का ती? मामंजींच्या गुडघ्याला लागते. फेकू देईनात."

मागचं बारीक अक्षर उजेडात धरून वाचलं. तीच होती.