हम्फ्रीचे कागद बघायला सेंट पॉलला: जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

अमेरिकेच्या माजी उपराष्ट्राध्यक्षाचे सरकारी कागद बघायचे म्हटलं की लोक आधी वॉशिंग्टनचं तिकीट बघायला लागतात. तर थांबा. ह्युबर्ट हम्फ्री, म्हणजे 1965 ते 1969 लिंडन जॉन्सनच्या हाताखाली उपराष्ट्राध्यक्ष असलेला माणूस, त्याचे कागद मिनेसोटातल्या सेंट पॉलमधे आहेत, मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे. आणि तिथे कोणीही उठून जाऊ शकतं, पीएचडी लागत नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही, लायब्ररीत बसायला पैसेही पडत नाहीत. मी जाऊन आलो तेव्हापासून दोघातिघांनी विचारलंय की नक्की काय करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मला काय पडलंय हम्फ्रीचं, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला. उत्तर आहे गहू. पीएल-480, म्हणजे अमेरिकेचं शिलकी धान्य ज्या कायद्याखाली आपल्याकडे यायचं तो, हा शब्द आपल्याकडे साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा, लगेच रेशनची रांग, तो लालसर गहू आणि त्याच्या न लाटल्या जाणाऱ्या पोळ्या सुरू होतात. मग कोणीतरी गाजरगवताचा विषय काढतं, की ते पण ह्याच गव्हातून आलं आणि पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलं, म्हणून तर काँग्रेस गवत. मग बहात्तरचा दुष्काळ आणि मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी. आता पीएल-480 चं धान्य एकाहत्तरच्या शेवटीच बंद झालं होतं, मिलो नंतरची, पण लोकांच्या डोक्यात ते सगळं एकाच पोत्यात आहे आणि त्याला माझी काही हरकत नाही. तर हा जो कायदा, 1954 चा, आयसेनहॉवरने सही केलेला, त्याच्यामागे सिनेटमधे हात धुऊन लागलेल्या लोकांत हम्फ्री होता. मिनेसोटा म्हणजे गव्हाचं राज्य, मिनियापोलिस एके काळी पिठाच्या गिरण्यांची राजधानी, म्हणजे ह्याचे मतदार शेतकरी, त्यांचा माल कोठारात पडून, आणि तिकडे जगात लोक उपाशी. दोन्हीची सांगड घालून देणारा हा माणूस. भूतदया किती आणि भाव पडू नये म्हणून किती, हे मला त्याच्या कागदातून बघायचं होतं.

आधी कागद तिथे का आहेत ते समजून घ्या, म्हणजे चुकीच्या शहरात जाणार नाही. 1978 साली तिकडे प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट झाला, निक्सनला राजीनामा द्यायला लागला त्या वॉटरगेट प्रकरणानंतरची साफसफाई. तो लागू झाला 20 जानेवारी 1981 पासून पदावर आलेल्यांना. त्याच्यात उपराष्ट्राध्यक्षाचे कागदपण सरकारच्या मालकीचे ठरले. त्याआधी काय? त्याआधी माणूस ऑफिस सोडताना खोकी भरून घरी न्यायचा, त्याची खाजगी मालमत्ता, पुढे वाटलं तर कुठल्यातरी संस्थेला दान. म्हणून हम्फ्री सेंट पॉलला, वॉल्टर मॉन्डेल (कार्टरचा उपराष्ट्राध्यक्ष, 1977 ते 81, हाही मिनेसोटाचाच) तोही सेंट पॉलला, स्पायरो अ‍ॅग्न्यू मेरीलँड विद्यापीठात. आणि कायद्यानंतरचे सगळे नॅशनल आर्काइव्ह्जच्या प्रेसिडेन्शियल लायब्रऱ्यांमधे: थोरला बुश आणि क्वेल टेक्ससमधे कॉलेज स्टेशनला, अल गोर लिटल रॉकला, चेनी डॅलसला. तिथले कागद मागायला पद सोडल्यावर पाच वर्षं थांबायचं, काही प्रकारचे तर बारा वर्षांपर्यंत अडकवून ठेवता येतात, नंतर माहितीचा अर्ज टाका, नंबर लागायची वाट बघा, आणि एवढं करून फोल्डर उघडला की पहिलंच पान असायचं की आतले अमुक अमुक कागद काढून ठेवले आहेत. म्हणजे पहिल्यांदाच जात असाल तर जुनाच उपराष्ट्राध्यक्ष धरा, त्रास कमी.

आता तयारी. निम्मं काम घरी बसून करायचं. सोसायटीच्या वेबसाइटवर हम्फ्रीच्या कागदांच्या याद्या आहेत. हा माणूस मिनियापोलिसचा महापौर, मग सिनेटर, मग उपराष्ट्राध्यक्ष, मग अडुसष्टला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडला, मग परत सिनेटर, 1978 ला मरेपर्यंत, त्यामुळे याद्या पण वेगवेगळ्या. नुसतं नाव टाकून सर्च केलंत तर डोकं गरगरेल. उपराष्ट्राध्यक्षपदाची यादी वेगळी उघडा, तिच्यात आपला विषय शोधा, फोल्डरचं नाव, खोक्याचा नंबर आणि लोकेशन नंबर हे तिन्ही एका कागदावर लिहून घ्या, कारण तिथे चिठ्ठी भरताना हेच विचारतात. 'इंडिया' एवढ्यावर थांबू नका. फूड फॉर पीस (पीएल-480 चंच पुढे पडलेलं नाव), अ‍ॅग्रिकल्चर, फेब्रुवारी 66 चा आशियाचा दौरा, ह्या सगळ्याखाली बघा. आणि जायच्या आठवडाभर आधी लायब्ररीला ईमेल करून विचारा की मला ही ही खोकी हवीत, त्या दिवशी मिळतील ना. उत्तरं व्यवस्थित येतात.

एक गोष्ट मात्र तिथे जाऊन बघू नका, ती म्हणजे भाषणं. हम्फ्रीच्या भाषणांच्या फायली, 1941 पासून 1978 पर्यंतच्या, स्कॅन करून ऑनलाइन टाकल्यात, घरी चहा पीत वाचा. त्यात 14 जुलै 1948 चं डेमोक्रॅटिक पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनातलं ते नागरी हक्कांचं भाषण पण आहे, ज्याच्यामुळे दक्षिणेकडचे काही प्रतिनिधी उठून चालते झाले होते. सेंट पॉलचा वेळ हा जे स्कॅन झालेलं नाही त्याच्यासाठी ठेवायचा.

पोचायचं कसं: विमानतळावरून सेंट पॉलला 54 नंबरची बस येते, टॅक्सीची गरज नाही. मिनियापोलिसमधे उतरला असाल तर ग्रीन लाइनची ट्रेन पकडा, उतरून चालत जायचं, थोडा चढ आहे. मिनेसोटा हिस्टरी सेंटर ही केलॉग बुलेवार्डवरची मोठी दगडी बिल्डिंग, एका बाजूला कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा घुमट आणि दुसऱ्या बाजूला कॅथीड्रलचा, त्यामुळे चुकायला होत नाही. गाडी असेल तर पार्किंगला पैसे पडतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांनो, ते चढावरचं चालणं सोपं समजू नका, मिनेसोटाची थंडी म्हणजे काय ते आपल्या महाबळेश्वरवाल्यांना सांगून कळणार नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा बेस्ट.

बिल्डिंगमधे म्युझियमपण आहे, त्याला तिकीट आहे, लायब्ररीला नाही, तेव्हा दारातच सांगा की लायब्ररीत जायचंय. नाव आहे गेल फॅमिली लायब्ररी. रोज उघडी नसते, वेळा बदलत असतात, वेबसाइट बघूनच निघा. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, नोंदणी होते. कोट, बॅग, पाण्याची बाटली सगळं लॉकरमधे. आत लॅपटॉप, फोन, कोरे कागद आणि पेन्सिल. पेन नाही म्हणजे नाही. फोटो काढू देतात, फ्लॅश बंद करून, आणि हे फार मोठं सुख आहे, कारण तिथे बसून वाचत बसलात तर दिवसात एक खोकं होईल, फोटो काढत गेलात तर बरंच उरकतं. फक्त प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्यावरच्या लेबलचा काढा, त्यात खोक्याचा नंबर दिसायला पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर शेकडो फोटो आणि कुठला कुठला ते कळत नाही. एका वेळी एकच फोल्डर बाहेर काढायचा, आतली पानं आहेत त्याच क्रमाने परत ठेवायची. बाकी कोणी काही बोलत नाही, शांतता असते, पानं उलटल्याचा आवाज.

आणि आत काय असतं? सांगतो. मोठ्या माणसाचं मन वगैरे शोधायला जाल तर कंटाळाल. उपराष्ट्राध्यक्षाला स्वतःचा अधिकार जवळजवळ नसतोच, सिनेटमधे मतं समसमान झाली तर एक मत टाकायचं, बाकी अध्यक्ष सांगेल ते. त्यामुळे ह्या खोक्यांमधे हुकूम कमी आणि विनवण्या जास्त. कोणीतरी शेतकी खात्याकडे शब्द टाका म्हणतंय, कोणी चर्चवाले, कोणी धान्य सहकारी सोसायटीवाले, कोणी शाळेतली पोरं. आलेलं पत्र, त्याला स्टाफने केलेला उत्तराचा मसुदा आणि शेवटी गेलेल्या उत्तराची कार्बन कॉपी, हे तिन्ही एकत्र टाचलेले सापडले की मजा येते. कार्बन कॉपीचा तो कागद इतका पातळ की मागचं पान त्यातून दिसतं, फोटो काढताना मधे कोरा पांढरा कागद सरकवायचा, तेव्हा अक्षरं नीट येतात. हे मला शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी न विचारता दाखवलं, त्यांचं भलं होवो. मला ह्या साध्या पत्रांतच सगळ्यात जास्त मिळालं. मसुद्यात एक वाक्य असतं आणि गेलेल्या पत्रात ते नसतं, तिथे थांबायचं, तिथेच खरं राजकारण.

66 साल हे आपल्या दृष्टीने मुख्य. जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला वारले, त्यांच्या अंत्यविधीला अमेरिकेकडून हम्फ्री आला होता, सोबत परराष्ट्रमंत्री डीन रस्क. महिन्याभरात परत दिल्लीत, आता इंदिरा गांधी पंतप्रधान. पासष्टचा पाऊस गेलेला, सहासष्टचाही जाणार होता, आणि जॉन्सनने धान्याचा दोर हातात आखडून धरलेला, वर्षाचा करार एकदम न करता थोडं थोडं सोडायचं, म्हणजे भारताने शेतीत पैसा घालावा आणि व्हिएतनामवर फार बोलू नये. आता गंमत बघा, फूड फॉर पीससाठी आयुष्य घालवलेला माणूस त्या सरकारचा दूत बनून येतो जे धान्य मोजून मोजून सोडतंय. शेतीमंत्री ऑरव्हिल फ्रीमन, म्हणजे आपले तेव्हाचे शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्याशी नोव्हेंबर 65 ला रोममधे करार करणारा, तोही मिनेसोटाचाच माजी गव्हर्नर. तेव्हा दौऱ्याचे कागद आणि शेतीचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा, एकट्याने एक फाइल अर्धवट वाटते. माझं मत विचाराल तर हम्फ्रीला कळवळा होता, खोटा नव्हता, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता, आणि त्याने ते बाहेर कधी दिसू दिलं नाही. हा शेवटचा भाग मला आवडला नाही.

कारण व्हिएतनामचंही तेच. 17 फेब्रुवारी 1965 चा त्याचा जॉन्सनला लिहिलेला मेमो प्रसिद्ध आहे, की युद्ध वाढवू नका, लोकांना आपण हे पटवून देऊ शकणार नाही. जॉन्सन भडकला, ह्याला बैठकांमधून बाहेर ठेवलं, आणि मग हाच गृहस्थ युद्धाचं समर्थन करत फिरला. अडुसष्टला निक्सनकडून जेमतेम पाच लाख मतांनी हरला. तो मेमो छापून आलेला आहे, त्यासाठी खास जायची गरज नाही.

वेळ उरला तर मॉन्डेल बघा. 9 डिसेंबर 1976 ला त्याने कार्टरला एक मेमो लिहिला की उपराष्ट्राध्यक्षाने नक्की काम काय करायचं. हम्फ्रीचे हाल त्याने जवळून बघितले होते (हम्फ्री उपराष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याच्याच सिनेटच्या जागेवर मॉन्डेल आला), आणि ते ओळीओळीत जाणवतं: मला सगळी गुप्त माहिती मिळाली पाहिजे, तुम्हाला हवं तेव्हा भेटता आलं पाहिजे, फालतू समित्या नकोत. कार्टरने मानलं, वेस्ट विंगमधे ऑफिस दिलं. हम्फ्रीचे कागद वाचून मग हा मेमो वाचायचा, उलटं केलंत तर तो नुसता ऑफिसचा कागद वाटतो.

जेवणाचं. बिल्डिंगमधे कॅफे आहे, सँडविच-सूप टाइप, वेळ वाचवायचा तर ठीक. संध्याकाळी मात्र युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर जा किंवा कोमो अ‍ॅव्हेन्यूच्या मोंग बाजारात, लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या मोंग लोकांची मोठी वस्ती इथे आहे. जिनिव्हात 1979 साली निर्वासितांना घ्या म्हणून भाषण करणारा अमेरिकेचा प्रतिनिधी मॉन्डेलच होता, ते डोक्यात ठेवून तिथली पपईची कोशिंबीर खा, तिखट सांगितलीत तर खरोखर तिखट देतात. शाकाहारी लोकांनी फिश सॉस घालू नका असं आधी सांगायचं.

राहायला डाउनटाउन सेंट पॉल बरं, मिनियापोलिसपेक्षा शांत, सकाळी लायब्ररी उघडायच्या वेळेला दारात असता. पहिल्या दिवशी सकाळीच सगळ्या चिठ्ठ्या भरून द्या, खोकी आतून यायला वेळ लागतो आणि बंद व्हायच्या आधी नवीन मागणी घेणं थांबवतात. एखादं पान कुठे छापायचं असेल तर निघायच्या आधी काउंटरवर परवानगीचं विचारून घ्या, वाचायला मोकळं म्हणजे छापायला मोकळं असं नाही. आणि पीएल-480 मधे खरंच खोल जायचं असेल तर पुढचा मुक्काम ऑस्टिन, जॉन्सन लायब्ररी, कारण हम्फ्रीने पाठवलेल्या कागदांवर वर काय शेरे पडले ते तिथे मिळतं.