आधीचा मासा

पाट बंद झाला की मासे आमचे. मखमलाबादच्या आम्हा पोरांचा हा कायदाच होता. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पाटाकडे फिरकायचं नाही, असा घरचा दम असे. पाणी आमच्या गळ्याशी आणि ओढ अशी, की धडधाकट वासरू वाहून जावं. मग एके सकाळी पाणी उतरायला लागे. संध्याकाळपर्यंत पाटाच्या तळाला नुसती डबकी उरत आणि त्या डबक्यांत वाहत आलेली बोटाएवढी मासळी कोंडलेली असे. आम्ही चड्ड्या सावरत उतरायचो. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा दोघांनी दोन टोकांना धरून तळाला घासत आणायचा, तिसऱ्याने पलीकडून पाय आपटत मासे हाकायचे. कापड उचललं की चिखल, शेवाळ, एखादी चप्पल आणि त्यात लखलखणारे सात-आठ जीव.

कुठलं डबकं धरायचं हे बगळा सांगे. बगळा जिथे मान आखडून उभा, तिथे उतरायचं. तो उठून शेजारच्या डबक्यावर जाऊन बसला तर आपणही मुकाट्याने त्याच्या मागे जायचं. त्याला त्याचं पोट होतं, आम्हाला नुसती हौस.

कारण हे मासे खायचे नव्हते. आजी माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नसे. मासे बादलीत सोडायचे आणि बघत बसायचं, एवढाच उद्योग. पहिली खेप मी नळाच्या पाण्यात ठेवली आणि सकाळी सगळ्यांची पांढरी पोटं वर. आजीने दोन दिवस अबोला धरला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं हे फार पुढे वाचलं, पण पाटाचा मासा पाटाच्याच पाण्यात ठेवायचा, एवढं त्या अबोल्याने शिकवलं होतं.

पुढे ताईने लग्न करून डहाणू गाठलं. माळकऱ्याच्या घरची मुलगी मासे खाणाऱ्यांत गेली तेव्हा आमच्याकडे काय काय झालं, तो निराळा लेख होईल. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की दाजी नोकरीपुरते नोकरदार आणि बाकी वेळ खाडीवरचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मला वाटलं, आता गळ टाकून बसायचं, जिताडा येईल, फोटो काढायचा. दाजींनी माझ्या हातात बादली दिली.

"आधी त्याचं जेवण शोधू," म्हणाले.

जिताडा तसा खानदानी मासा. खाऱ्यात जन्मतो, लहानपणी गोड्या पाण्यात शिरतो, पुन्हा खाडीत परततो. आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि वय वाढलं की मादी होतो. असल्या माणसाला, म्हणजे माशाला, शिळंपाकं चालत नाही. मेलेल्या तुकड्याकडे तो सहसा ढुंकून बघत नाही; समोर काहीतरी जिवंत, घाबरलेलं, वळवळतं हवं. तांबोशी थोडी कमी नखरेल, पण जिवंत कोळंबी दिसली तर तिचाही तोल जातो. त्यामुळे मोठा मासा धरायच्या आधी छोटा धरावा लागतो आणि छोट्याला बोलवायला त्याहून क्षुल्लक काहीतरी, म्हणजे पावाचा चुरा, कणकेची गोळी, नाहीतर कोळंबीची ठेचलेली डोकी. ही उतरंड मला फार आवडली. तिच्या तळाशी मी नेमका बसत होतो.

खाडीतलं मुख्य आमिष बोय. निमुळती, रुपेरी, थव्याने हिंडणारी, अधूनमधून उगाचच पाण्याबाहेर उडी मारणारी. तिला गळाने पकडू म्हणाल तर जन्म जाईल. ती चिखलावरचा शेवाळी थर चाटून जगते, गळाशी तिचं काही देणंघेणं नसतं. म्हणून जाळं. आणि जाळ्याआधी डोळे. वाऱ्याने हललेलं पाणी आणि खालून थवा गेल्यामुळे हललेलं पाणी यांत फरक असतो. वाऱ्याच्या लाटा एका दिशेने चालतात. थव्याच्या जागी मात्र पाण्याला मधेच शहारा येतो, तळहाताएवढा, आणि विरतो. सुरय पक्षी एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असतील, तर तिथे छोटी मासळी वर आलीच म्हणून समजा. बगळे इथेही होते. त्यांना बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तसं वाटायला आणखी एक कारण घडलं. ओहोटी सुरू झाली आणि तिवरांच्या झाडांमधल्या चिंचोळ्या चरांतून पाणी खाडीकडे पळायला लागलं. भरतीबरोबर आत चरायला शिरलेली बोयची पिल्लं आता त्याच वाटेने बाहेर येणार. दाजी चराच्या तोंडाशी जाळं घेऊन उभे राहिले. काठाला निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, डोळे वटारून बसल्या होत्या. मी म्हटलं, "दाजी, हा तर बंद होणारा पाट!" त्यांना काही कळलं नाही. समुद्राकाठच्या माणसाला पाटाचं आवर्तन समजावणं कठीण. आमच्याकडे पाणी कधी सुटणार आणि कधी तुटणार हे सिंचन खातं ठरवतं, त्यासाठी बैठका होतात, निवेदनं जातात. इथे चंद्र रोज दोनदा पाट सोडतो, दोनदा बंद करतो आणि कुणाला कळवत नाही.

कळवत नाही म्हणणंही खरं नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळं असतं. आमच्या घरात कॅलेंडर बघायचं ते चतुर्थी आणि एकादशीसाठी. तीच तिथी दाजी भरतीसाठी बघतात. तिथीच्या आकड्याचे पाऊणपट करायचे, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा. गाव बदललं की थोडं इकडेतिकडे होतं, पण घरून किती वाजता निघायचं हे ठरवायला पुरतं. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी बेताची, पाणी आळशी. मी मनातल्या मनात एकादशीचा हिशेब केला. सव्वाआठ. आजीचं हरिपाठाचं पुस्तक उघडलेलं असायची ती वेळ.

पाग फेकायला शिकलो तो मात्र नाशिकमध्ये. गोल जाळं, कडेला शिशाच्या मण्यांची माळ. दोरी मनगटाला, काही भाग खांद्यावर, काही हातात, कडेचा एक मणी दातांत, मग कमरेतून वळून असं सोडायचं, की हवेत त्याची थाळी उघडावी. माझी थाळी उघडायची नाही, पुरचुंडी पडायची. सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी सहा वाजता मी कोरड्या सिमेंटवर मासे धरायचो. एप्रिलचे दिवस होते आणि गच्चीभर वाळवणं. तिसऱ्या आठवड्यात माझी पहिली थाळी अगदी गोल उघडली, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर पडली. "मिळाल्या का?" एवढंच त्या म्हणाल्या. जाळ्याच्या भोकांतून कुरडयांचे तुकडे वेचायला मला पाऊण तास लागला.

या आत्मविश्वासाच्या भरात मी ती चूक केली. पाट नुकताच बंद झाला होता. म्हटलं, तिकडे जाऊन बोय शोधत बसण्यापेक्षा इथूनच नेऊ. जुनं कौशल्य वापरून पंधराएक मासे धरले, पाटाच्याच पाण्यात, झाकणाच्या बादलीत. त्र्यंबकच्या पुढे मोखाडा, जव्हार, तिथली वळणं म्हणजे बादलीची परीक्षाच. गाडीच्या मागच्या सीटखाली पाणी सांडलं, त्याचा वास अजून आहे. तरी दहा-बारा जिवंत पोचले. मी मोठ्या दिमाखात बादली दाखवली. दाजींनी एक मासा उचलून खाडीच्या पाण्याच्या डब्यात टाकला. तो दोन गिरक्या घेऊन कलंडला, मग पालथा झाला.

"गोड्या पाण्याचा पाहुणा," दाजी म्हणाले, "खाऱ्यात कसा टिकेल?"

शाळेत शिकलेलं सगळं तिथे ओळीने आठवलं. मिठाचं पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. चहूकडे पाणीच पाणी आणि मासा आतून सुकत जातो. उरलेले मासे खाडीत ओतणं जितकं निर्दय, तितकंच तिथल्या एखाद्या ओढ्यात सोडणं अविचाराचं, कारण कुठला मासा कुठे जाऊन काय उच्छाद मांडेल सांगता येत नाही. म्हणून बादली परत नाशिकला आली. पुन्हा ती वळणं. नऊ मासे गोदावरीत सोडले. जाऊन-येऊन एवढा प्रवास केलेले मासे गोदेत दुसरे नसतील.

त्या दिवसापासून दाजींनी मला बादलीचं खातं कायमचं दिलं आणि खरं सांगायचं तर गळापेक्षा मला तेच बरं वाटतं. यात अक्कल लागते. मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं चिलखत असतं. खवले गळालेली बोय दुपारपर्यंत टिकत नाही. बादलीत दहा मावतात म्हणून दहा ठेवायच्या नाहीत, चार ठेवायच्या. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी. म्हणून बादली सावलीत, बॅटरीवरचा छोटा पंप चालू, आणि दर अर्ध्या तासाने थोडं पाणी काढून खाडीचं ताजं घालायचं. सगळं एकदम बदलायचं नाही. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, तर तुम्हाला आधीच उशीर झालेला असतो. कोळंबी मात्र ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली तर बराच वेळ तग धरते. आणि बाटलीचा सापळा तर माझा लाडका: मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीचं नरसाळं कापून उलटं आत बसवायचं, अंगाला भोकं पाडायची, आत कणकेची गोळी. मासा वासावर आत जातो आणि बाहेर पडायला कडेकडेने फिरत राहतो. वाट मध्यभागी असते, तिकडे तो बघतच नाही.

पुढचं काम दाजी करतात. बोय असेल तर गळ ओठातून किंवा पाठीच्या पराच्या जरा पुढे, कण्याला न लावता. कोळंबी असेल तर डोक्यावरच्या करवतीखालून, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला लागलं की ती तिथेच संपते. हे मला तोंडपाठ आहे. केलेलं एकदाही नाही. त्या वेळी मी पंपाची बॅटरी तपासतो.

"अर्धा तास त्यांची एवढी बडदास्त ठेवतोस," दाजी एकदा म्हणाले, "आणि मग मला देतोस." मी काही बोललो नाही. आजी असती तर तिने दोघांशीही अबोला धरला असता.

नारळी पौर्णिमेनंतरच्या एका रविवारी भरती चढत होती. बादलीत तीन बोय उरल्या होत्या, पाणी स्वच्छ, तिघीही एका दिशेला तोंड करून शांत. तेवढ्यात दाजींची दोरी करकरली, काठी वाकली आणि पलीकडच्या खडकावरून ते ओरडले, "आला रे, जिताडा! इकडे ये, जाळी घे!"

"आलो, आलो," म्हटलं. पण त्या ओरडण्याने बिथरून एका बोयने बादलीबाहेर उडी मारली होती. मी ओल्या हातांनी तिला वाळूवर शोधत होतो.