फुगडी, टायल्स आणि कोणी न ढकलता फिरणारा प्लाझ्मा

यंदा चवथीला डिचोलीच्या घरी गेलेलो. घर नवीन बांधलंय, हॉलमध्ये चकचकीत टायल्स. रात्री आरती झाल्यावर बायकांनी माटोळीखाली फुगडीचा फेर धरला आणि दोनच मिनटांत काकीचा पाय असा सटकला की थेट दरवाजाच धरला तिने. "पांय निसरतात गो हांगा, चला भायर!" झालं, सगळा फेर उठून आंगणात, तिथे अजून जुने चिरे आहेत, खरखरीत. तिथे मात्र फुगडी अशी रंगली की शेजारच्या बायका पण येऊन घुसल्या.

माझी भाची बारावीला आहे, ती नेवरी खात खात विचारते, "मामा, तू तो टोकामॅक का काय सांगत होतास, त्यातला प्लाझ्मा पण असाच गोल फिरतो ना, मग त्याला ढकलतं कोण?"

आता ताळगावच्या पठारावर एमेस्सी करताना ह्याच विषयाचे पेपर वाचण्यात माझी रात्रीच्या रात्री गेलीय, पुढे नोकरी भलतीकडेच लागली ते सोडा, पण हा प्रश्न कोणी विचारला की मी सुटतोच. तिला अर्धवट सांगितलं, बाकीचं इथे लिहितो.

टोकामॅक म्हणजे अणू जुळवून ऊर्जा मिळवायच्या प्रयोगांचं यंत्र, मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं, आत हायड्रोजनच्या भावंडांचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, कोट्यवधी अंश तापलेला, आणि भिंतीला लागू नये म्हणून चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवलेला. तो वड्याच्या भोकाभोवती फिरतो, तेही सेकंदाला दहा-वीस ते शेकडो किलोमीटर वेगाने. मोजतात कसं, तर बऱ्याच यंत्रांत आत थोडा कार्बन असतो, त्याची ५२९ नॅनोमीटरची हिरवी रेघ बघायची. कार्बन आपल्या दिशेने येत असेल तर रेघ जराशी निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर लालकडे. सेकंदाला १०० किलोमीटर वेग असला तरी ती सरकते किती, तर ०.१८ नॅनोमीटरच्या आसपास! एवढ्याशा सरकण्यावर हा सगळा अभ्यास उभा आहे.

फिरण्याचं एवढं कौतुक कशाला, तर दोन कामं होतात. एक, प्लाझ्मात सतत खळबळ चालू असते, भोवरे उठतात आणि आतली उष्णता बाहेर वाहून नेतात, पण शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने फिरत असले की ते भोवरे ताणले जाऊन फाटतात आणि उष्णता आत टिकते. दुसरं जास्त गंभीर. चुंबकीय क्षेत्रात कधी कधी गाठीसारखी बेटं तयार होतात, ती प्लाझ्मासोबत फिरत असतात तोवर ठीक, पण भिंतीत प्रवाह निर्माण होऊन त्यांना ब्रेक लागत जातो, आणि एकदा का बेट थांबून जागच्या जागी लॉक झालं की पुष्कळदा अख्खा प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत कोसळतो.

मग ढकलायचं कसं? आजवरचा सरळ उपाय म्हणजे न्यूट्रल बीम, वेगवान अणूंचा झोत तिरका आत मारायचा. न्यूट्रल एवढ्यासाठी की विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्र ओलांडून आत जाणारच नाही. झोत तापवतो पण आणि धक्का पण देतो. आता मला कायम गंमत वाटते ती गोष्ट. फ्रान्समध्ये बांधकाम चालू असलेल्या ईटर नावाच्या भल्यामोठ्या टोकामॅकमध्ये झोताची ऊर्जा आहे १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, आत्ताच्या बऱ्याच यंत्रांत ती एक लाखाच्या आसपास असते, म्हणजे धक्का दसपट असं वाटेल ना? उलटं आहे! पॉवर तेवढीच ठेवली तर अणू जितका वेगवान तितका पॉवरमागे धक्का कमी, हिशोब केला तर साधारण तीन पटीने कमी. वर प्लाझ्मा ८०० घनमीटरच्या वर, म्हणजे नारळाची गाडी एकट्याने ढकलायची तसलं काम.

म्हणूनच अमेरिकेतल्या एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड टोकामॅकवर १९९० च्या दशकात जे दिसलं त्याचं एवढं महत्त्व. तिथे तापवायला ढकलणारा झोत नव्हताच, रेडिओलहरींनी तापवायचे, आणि त्या काही धक्का देत नाहीत म्हणण्याइतकाच देतात. तरी प्लाझ्मा फिरत होता, आणि साठलेली ऊर्जा वाढली की वेग वाढत होता! गांधीनगरच्या आदित्य टोकामॅकवर पण झोताशिवाय फिरणं मोजलंय.

इथे भाची म्हणाली, "म्हणजे फुकटात?" नाही गो, फुकट काही नसतं. संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा, हिशोब जुळावाच लागतो. हा संवेग आत-बाहेर होतो तीन प्रकारांनी. एक, साधं पसरणं, आणि ते होतं उष्णता जितक्या वेगाने गळते साधारण तितक्याच वेगाने, कारण दोन्हीचे हमाल तेच भोवरे. दुसरं, आत ओढणं, फिरणाऱ्या प्लाझ्मासोबत बसून बघितलं तर कोरिऑलिस बळामुळे कडेचा संवेग मध्याकडे खेचला जातो, हा सिद्धांत २००७ साली मांडला गेला. पण ओढायला आधी काहीतरी असायला हवं, शून्य ओढून शून्यच मिळणार. म्हणून तिसरं, भोवरे एका बाजूला कललेले असतात, डावं-उजवं सारखं राहत नाही, आणि ते स्वतःच संवेग एका दिशेला रेटत राहतात. त्याची उलट बाजू कडेला जाऊन शेवटी यंत्राच्या अंगावर पडते. सी-मॉडवर बघितलं तर प्लाझ्मा चांगल्या, म्हणजे उष्णता जास्त धरून ठेवणाऱ्या, अवस्थेत शिरल्यावर वेग आधी कडेला दिसायचा, मग सरकत सरकत मध्यात पोचायचा. म्हणजे काकीचंच म्हणणं, फेर बायकाच फिरवतात पण पाय टेकायला चिरे लागतात.

भाचीला हे एकदम पटलं, म्हणून मी आगाऊपणा करून आणखी एक सांगितलं, की बीम नसताना प्लाझ्माची घनता जराशी वाढवली तर कधी कधी मधला भाग चक्क उलटा फिरायला लागतो. बाकी जवळपास सगळं तेच, दिशा फक्त उलटी.

"कित्याक?"

भोवऱ्यांचा प्रकार बदलत असेल, असं काहीतरी सुरू केलं मी, तेवढ्यात आंगणातला फेर पण उलटा फिरायला लागला होता आणि काकी ओरडत होती की कोणी सांगितलं गो तुम्हाला उलटं फिरायला, तर प्रत्येकजण शेजारणीकडे बोट दाखवत होती. भाची हात धुवून फेरात घुसली.