दोन डावे पाय

बावीस वर्षं मी वेंगुर्ल्यात पडवीत मशीन मांडून ब्लाउज शिवते. आषाढ हा आमच्या धंद्यातला रिकामा महिना. लग्नसराई उरकलेली असते, गणपतीचं शिवण अजून यायचं असतं. यंदा या दिवसांत स्वतःसाठी जीन्स शिवायची असं ठरवलं होतं. तयार जीन्स कमरेला बसली तर मांडीवर चढत नाही, मांडीवर चढली तर कमरेत माझी मूठ आत जाते. गिऱ्हाइकांना सूतभर सैल चालत नाही, मग मीच का पट्टा आवळून स्कूटर चालवायची?

कुडाळहून दोन मीटर डेनिम आणलं, १२ औंसांचं. म्हणजे चौरस वाराला साधारण ३४० ग्रॅम. मे महिन्यातच दोनदा धुऊन उन्हात वाळवलं, नाहीतर शिवल्यावर आटतं. जुनी जीन्स उसवून तिचे भाग कागदावर उतरवले आणि मागच्या आसनाचा गोलावा माझ्या मापाने वाढवला. इथवर सगळं ठीक.

ब्लाउजचं कापड मी नेहमी दुहेरी घडी घालून कापते. एकदा कात्री चालवली की दोन्ही बाजू तयार. डेनिमची घडी मात्र कात्रीखाली सरकते, म्हणून एकेरी कापायला घेतलं. पुढचे दोन भाग नीट निघाले. मागचा एक कापला तेवढ्यात दारात खाडीची मासळी घेऊन बाई आली. मासेमारी बंदीच्या दिवसांत ताजी म्हणून तीच काय ती, सोडून कशी देणार? मासळी घेतली, हात धुतले, परत येऊन दुसरा भाग कापला. कागद उलटा करायचा राहिला.

आसनाची शिवण जुळवायला गेले तर दोन्ही गोलावे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. दोन डावे पाय! शिकायला येणाऱ्या पोरींना ज्या चुकीवरून मी बोल बोल बोलते, तीच. उरलेल्या तुकड्यांत खिसे निघाले असते, पाय नव्हे.

सासरे मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. डेनिमचा उभा धागा निळा, आडवा पांढरा, हे मला त्यांनी शिकवलं. निळा धागा तीन पांढऱ्यांवरून जाऊन एकाखाली दडतो, म्हणून सुलट बाजू निळी आणि उलट बाजू फिकी. मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं साहेबाने ‘डंगरी’ केलं, हेही तेच सांगायचे. तर मी एक डावा पाय उलटा केला. तो उजवा झाला, फक्त पांढुरका.

सासूबाई सुपारी कातरत बघत होत्या. म्हणाल्या, “एक पाय तुझो, दुसरो कोणाचो गो?”

मग फिक्या पायाला निळा खिसा लावला आणि निळ्याला फिका. आता निदान मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं.

शिवताना वीज गेली, पण पायमशीनला त्याचं काय! वादी तेवढी दमट हवेत सैल पडून घसरत होती. सुई १८ नंबरची घातली होती. तरी आसनाखाली जिथे चारही बाजूंच्या शिवणी एकमेकींना भेटतात, तिथे दहाच्या वर पदर होतात, आणि पहिली सुई तिथेच मोडली. मग तो सांधा जुन्या पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचला, म्हणजे कापड सपाट होतं. फूटच्या मागे घडीचा तुकडा सरकवून उंची सारखी केली, पायटा सोडला, आणि हाताने चाक फिरवत एकेक टाका घातला. चार इंचांना अर्धा तास गेला असेल. चेन पितळेची लावली. आमच्या खाऱ्या हवेत लोखंडाची टिकत नाही.

खिशांच्या टोकांना ठोकतात ते धातूचे रिव्हेट माझ्याकडे नव्हते. ही युक्तीही एका शिंप्याचीच, अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिसची. एका मजुराच्या बायकोला नवऱ्यासाठी न फाटणारी पँट हवी होती, म्हणून त्याने खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि कापड पुरवणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉसला भागीदार करून १८७३ साली पेटंट घेतलं. मी तिथे आठ-दहा टाके एकावर एक मारून भागवलं.

दिवेलागणीला घालून बघितली. कंबर बसली, मांडी बसली, खाली वाकले तरी मागून वर सरकली नाही. मागचं सासूबाईंना दिसत होतं, मला नाही.

दुसऱ्या दिवशी तीच घालून शिरोड्याला ब्लाउज पोचवायला गेले आणि येताना चिंब भिजले. आज पाचवा दिवस. पडवीत दोरीवर टांगलीय, खाली शेगडीही ठेवली. फिका पाय कधीच सुकला असं वाटतं, पण कमरेचा पट्टा अजून हाताला ओलाच लागतो.