ऑनलाईन लिलावातली ‘दुर्मिळ’ नाणी आणि काकांचे पैसे परत मिळवताना आलेला अनुभव

आमचे भाऊकाका मालवणला असतात, रिटायर झाल्यापासून मोबाईलवर जुनी नाणी बघायचा नाद लागलाय त्यांना. गेल्या पावसाळ्यात एका ऑनलाईन लिलावातून त्यांनी तीन नाणी घेतली. एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं, 6,400 ला, एक गेंड्याचे पंचवीस पैसे 750 ला आणि एक वैष्णोदेवीचा पाच रुपयांचा कॉइन 1,100 ला, वर कुरिअरचे वेगळे. मी गणपतीला घरी गेलो तेव्हा शिवराई देवघरात ताम्हनात ठेवलेली होती आणि काकी चिंच लावून ती घासायला निघालेली, ते आधी थांबवलं. तांब्याचं जुनं नाणं चकचकीत केलं की त्याची असेल नसेल ती किंमत जाते, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ते परत हिरवं पडायला वेळ लागत नाही.

काका म्हणाले, "म्हाराजांचा नाणा आसा ता, रायगडावरचा." लिलावात तसंच लिहिलेलं होतं, ‘शिवकालीन, रायगड टांकसाळ, अतिदुर्मिळ’. ज्या माणसाने उभा जन्म सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर काढला, किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या देवळात जो दर वर्षी जातो, त्याला हे तीन शब्द वाचल्यावर काय वाटणार? माझा राग त्यावरच आहे. महाग विकलं म्हणून नाही, माणसाची श्रद्धा बघून वर्णन लिहिलं म्हणून.

नाणं उन्हात नेऊन बघितलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ असावं, अर्धी अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली, दुसऱ्या बाजूला छत्र आणि पति, आणि मधे दोन आडव्या रेघा स्पष्ट. ही दुदांडी शिवराई. महाराजांनी 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई सुरू केली हे खरं, पण त्यांच्या नंतर शंभर-दीडशे वर्षं मराठी मुलखात ठिकठिकाणी त्याच नावाने शिवराया पाडल्या जात होत्या, अगदी पेशवाईत सुद्धा, आणि दुदांडी ही त्या मागाहूनच्या काळातली. अशी नाणी ढिगाने सापडतात. मुंबईला नाण्यांच्या प्रदर्शनात ती दोन-तीनशेला मिळतात हे मी स्वतः बघितलंय. खोटी नाही, नाणं अस्सलच आहे, पण ‘शिवकालीन’ नाही आणि दुर्मिळ तर नाहीच नाही.

गेंड्याचं नाणं तर आपण सगळ्यांनी खिशात वापरलंय. स्टीलचं, 1988 पासून 2002 पर्यंत निघत होतं, पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली म्हणून लोकांना वाटतं आता मिळत नसेल. वर्णनात होतं ‘नो मिंटमार्क एरर’, म्हणजे टांकसाळीची खूण चुकून राहून गेलेलं नाणं. आता हे नीट समजून घ्या कारण यावर फार लोक फसतायत. आपल्या नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते, चौकट म्हणजे डायमंड असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कलकत्ता. कलकत्त्याची टांकसाळ खूण टाकतच नाही. म्हणजे ज्याला हे लोक एरर म्हणून विकतायत ते कलकत्त्याचं सरळ साधं नाणं, असली कोट्यवधी आहेत.

आता पैसे परत कसे मिळाले ते सांगतो. विक्रेत्याला मेसेज केला तर तो म्हणाला ‘न्युमिस्मॅटिक आयटम नॉन रिटर्नेबल’, म्हणजे संग्रहाची नाणी परत घेत नाही, तुम्ही स्वतः बोली लावलीत. मग साईटच्या कस्टमर केअरला चॅट केलं, तिथे पण तेच, किंमत बोलीने ठरते त्यात आम्ही काही करू शकत नाही. इथे बहुतेक लोक गप्प बसतात. खरं सांगायचं तर किंमतीवर भांडून काही हाती लागत नाही, शंभरची वस्तू हजाराला विकली तर तो गुन्हा नाही. पण वर्णन एक आणि वस्तू दुसरी असेल तर तो मुद्दा पूर्ण वेगळा. 2020 च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट आहे की जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा रिफंड द्यायला नाही म्हणू शकत नाही, आणि साईटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा.

म्हणून तक्रारीत मी ‘महाग’ हा शब्द एकदाही लिहिला नाही. शिवराईचे दोन्ही बाजूंचे फोटो, काट्यावर ठेवून वजनाचा फोटो, लिलावाच्या पानाचे स्क्रीनशॉट (ते आधी काढून ठेवा, नंतर पान गायब होतं), पेमेंटची पावती, आणि खाली तीन ओळी, शिवकालीन म्हणून लिहिलं आणि आलं दुदांडी, एरर म्हणून लिहिलं आणि आलं कलकत्त्याचं नेहमीचं नाणं. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता साईटवर अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो, तिथेच मेल पाठवला. पोच आली, मग बराच काळ शुकशुकाट. काकांचं रोज चालू, "रे, काय झाला त्येचा?" शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आणि त्याचा नंबर टाकून परत मेल केला. त्यानंतर हालचाल झाली. शिवराईचे सगळे पैसे आधी आले, गेंड्याचे परत एकदा भांडल्यावर. दोन्ही नाणी मालवणच्या पोस्टातून रजिस्टर्डने परत पाठवली, पाकीट चिकटवायच्या आधी आतल्या नाण्यांचा व्हिडिओ काढून ठेवला.

वैष्णोदेवीच्या नाण्याचे मात्र नाही मिळाले. 2012 ला श्राईन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं ते नाणं, बाजारात भरपूर फिरलंय. त्याच्या वर्णनात विक्रेत्याने फक्त ‘लकी कॉइन’ लिहिलं होतं, त्यात खोटं असं धरता येईना.

आणि त्याच नाण्यावरून पुढचं प्रकरण. काकांना फोन आला की तुमच्याकडे वैष्णोदेवीचं नाणं आहे ना, त्याला पाच लाखांचा खरेदीदार आहे, फक्त रिझर्व्ह बँकेची रजिस्ट्रेशन फी भरा. काकांचा नंबर आणि नाण्याचा तपशील त्यांच्याकडे कुठून गेला हे तुम्हीच समजा. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कसलंही कमिशन किंवा फी मागत नाही. ते पत्रक काकांना वाचून दाखवलं, नंबर ब्लॉक केला. ज्यांचे असे पैसे गेलेत त्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

बोली लावायचीच असेल तर मांडलेली किंमत बघू नका, तसलं नाणं आधी कितीला विकलं गेलंय ते शोधा. मांडायला कोणी लाखभर पण मांडतो. दुसऱ्या बाजूचा फोटो आणि वजन मागा, तो देत नसेल तर सोडून द्या. एकच फोटो दर आठवड्याला नव्या लिलावात दिसला तर समजा घेणारा कोणी नाही.

तो विक्रेता अजून आहे, नाव बदललंय, फोटो तेच आहेत. मी प्रत्येक वेळी रिपोर्ट करतो, पान उतरतं आणि परत येतं. रत्नागिरी, सिंधुदुर्गात कोणाच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी असं काही घेतलं असेल तर पावती आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रारीचा मजकूर मी लिहून देईन.