लेक घरी आली!

आज एकदाचा डिस्चार्ज मिळाला. सातव्या महिन्यातच जन्मलेली ही इवलीशी पोर, एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) काचेतून नुसतं बघत बसायचं आणि मॉनिटर वाजला की काळजात धस्स व्हायचं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भधारणेपासून मोजलेल्या साधारण 34 आठवड्यांच्या आसपास जमायला लागतो म्हणे, म्हणून आधी नळीने दूध, मग चमच्याने, आणि ज्या दिवशी ती स्वतः ओढून प्यायली ना त्या दिवशी मी सिस्टरना मिठी मारून रडले. कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, घरीही चालू ठेवायचीये, तिचा बाबापण करतोय. डोळ्यांची आरओपी तपासणी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजाराची) अजून बाकी आहे, प्रीमॅच्युअर बाळांच्या आईबाबांनो, ती प्लीज चुकवू नका. इन्फेक्शनच्या भीतीने सध्या कुणाला भेटायला बोलवत नाहीये, राग मानू नका हं.